डोळ्यांनी तोललेले वजन

भरलेला आहे असे समजून गॅसचा सिलिंडर उचलायला जावे आणि तो रिकामा निघावा, हा अनुभव बहुतेक घरांत कोणी ना कोणी घेतलेला असतो. हात झटक्यासरशी वर येतो, तोल मागे जातो आणि सिलिंडर नुसत्या पत्र्याच्या डब्यासारखा वाटतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरचे एकूण वजन ३० किलोच्या आसपास असते आणि रिकाम्याचे त्याच्या साधारण निम्मे, म्हणजे रिकामा सिलिंडरही काही हलकी वस्तू नव्हे. तरीही तो हलका भासतो, कारण किती जोर लावायचा हे मेंदूने उचलण्यापूर्वीच ठरवलेले असते आणि प्रत्यक्षात जे घडते ते त्या हिशेबात बसत नाही.

वस्तू उचलणे आणि तिचे वजन ओळखणे ही आपल्याला एकच क्रिया वाटते. मेंदूला इजा झालेल्या माणसांत मात्र या दोन क्रिया एकमेकींपासून सुट्या झालेल्या दिसतात. या विषयावर लिहिताना मी ज्याच्या मेंदूला इजा झालेलीच नव्हती अशा माणसाचे प्रकरण निवडले आहे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. त्याचे कारण असे, की अर्धांगाचा झटका आल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर ताकद, स्पर्श, दृष्टी, लक्ष आणि हालचालींची आखणी यांतल्या कितीतरी गोष्टी एकदम आणि कमीअधिक प्रमाणात बिघडतात, आणि मग वजनाचा अंदाज नेमका कशामुळे चुकला हे सांगणे अवघड होऊन बसते. इयन वॉटरमन या ब्रिटिश गृहस्थांच्या बाबतीत एकच धागा तुटला होता, पण तो पुरता तुटला होता. त्यामुळे मेंदूच्या इजेनंतर जे घोटाळे होतात त्यांची उकल करायला हे प्रकरण मोजपट्टीसारखे उपयोगी पडते.

आजार आणि त्यातून उरलेले शरीर

१९७१ साली वॉटरमन १९ वर्षांचे होते आणि जर्सी बेटावर खाटकाच्या दुकानात काम करीत होते. मांस कापणे, तोलणे, अवजड तुकडे उचलून टांगणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता, म्हणजे वजनाची जाण ही त्यांच्या हाताची कमाई होती असे म्हणता येईल. तापासारख्या एका साध्या आजारानंतर थोड्याच दिवसांत त्यांना उभे राहता येईना, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत मानेखालच्या संपूर्ण शरीराचा स्पर्श आणि अवयव कोठे आहेत याची जाणीव नाहीशी झाली होती. संसर्गाशी लढताना शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच संवेदी चेतातंतूंवर हल्ला केला असावा, असे या आजाराचे स्पष्टीकरण दिले जाते.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. त्वचेपासून आणि स्नायूंपासून मेंदूकडे जाणारे तंतू एका जातीचे नसतात. स्पर्श, दाब, सांध्यांची स्थिती आणि स्नायूंवरचा ताण यांचे निरोप जाड आणि जलद तंतूंमधून जातात, तर वेदना आणि तापमान यांचे निरोप बारीक तंतूंमधून जातात. वॉटरमन यांचे जाड संवेदी तंतू नष्ट झाले आणि बारीक तंतू वाचले. मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या तंतूंना काहीच झाले नव्हते. त्यामुळे चटका बसला तर त्यांना कळत असे, थंडगार पेला हातात आला तर तो थंड आहे हे कळत असे, आणि स्नायूंची ताकदही शाबूत होती. कळत नव्हते ते एवढेच, की हात कोठे आहे, मूठ उघडी आहे की मिटलेली, आणि मुठीत काही आहे की नाही. मानेवरच्या भागाची जाणीव मात्र पूर्ववत होती.

ताकद असूनही प्रारंभी ते अर्धांग झालेल्या माणसासारखेच पडून होते, कारण हालचालीची आज्ञा सुटली तरी ती कोठे जाऊन पोहोचली याचा पत्ता लागत नसे. पहिल्यांदा उठून बसण्याची त्यांची हकिकत प्रसिद्ध आहे: कोणते स्नायू कोणत्या क्रमाने आवळायचे याचा मनाशी विचार करून, शरीराकडे पाहत पाहत ते उठून बसले, आणि जमले याचा आनंद होताच लक्ष उडाले व ते पुन्हा मागे कोसळले. उभे राहायला त्यांना सुमारे एक वर्ष लागले आणि त्यानंतर चालायला आणखी काही महिने. पुढे त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि मोटारही चालवली. हे सर्व त्यांनी डोळे आणि एकाग्रता यांच्या बळावर साधले. दिवा गेला की ते कोसळत. सर्दीने डोके जड झाले तर अंथरुणावर पडून राहणे त्यांना भाग पडे, कारण विचार करण्याची उभारीच उरत नसे. १९८०च्या दशकात साउदॅम्प्टन येथील चेतासंस्थेचे तज्ज्ञ जोनाथन कोल यांची त्यांच्याशी गाठ पडली आणि पुढील अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासाला सुरुवात झाली. कोल यांनी त्यांच्यावर १९९१ मध्ये पुस्तक लिहिले.

वजनाची परीक्षा

कोल आणि त्यांचे सहकारी सेजविक यांचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. प्रश्न साधा होता: ज्याच्या हाताला स्पर्श नाही, स्नायूंवरचा ताण कळत नाही, तो माणूस दोन वजनांतला फरक ओळखू शकेल काय?

उत्तराचे दोन भाग आहेत आणि ते दोन्ही आश्चर्यकारक आहेत. डोळे उघडे ठेवून हात हलवण्याची मोकळीक असताना वॉटरमन सुमारे एक दशांश फरक ओळखत, म्हणजे २०० ग्रॅम आणि २२० ग्रॅम यांतला भेद त्यांना सांगता येत असे. डोळे मिटले की ही क्षमता ढासळे, आणि एक वजन दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट असल्याशिवाय त्यांना फरक कळत नसे. तुलनेसाठी सांगायचे तर १८३४ साली जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेबर यांनी नोंदवले होते, की निरोगी माणूस वजन उचलून पाहतो तेव्हा त्याला चाळिसाव्या भागाइतकाही फरक जाणवतो. तेच वजन टेकवलेल्या हातावर नुसते ठेवले तर इतका बारीक भेद कळत नाही. म्हणजे वजन जोखताना आपण पिशवी हातात घेऊन दोनदा वरखाली करतो त्या सवयीला चांगला आधार आहे.

वॉटरमन यांची युक्तीही याच सवयीची होती, पण तिचा अर्थ निराळा होता. ते ठरावीक जोर लावून हात वर उडवत आणि तो किती वेगाने, किती उंच जातो ते पाहत. जोर तोच ठेवला आणि हात मंद उठला तर वस्तू जड. चटकन उठला तर हलकी. हाताकडून येणारा निरोप बंद झाल्यावर त्यांनी तोच निरोप डोळ्यांच्या वाटेने मागवून घेतला होता. तराजूचा काटा पाहणारा दुकानदार जसा हातावर विसंबत नाही, तसे ते स्वतःच्या दंडालाच तराजूची दांडी मानून काटा वाचत होते. ही तुलना माझी आहे, पण खाटकाच्या दुकानात तराजूपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाबतीत ती करण्याचा मोह आवरत नाही.

या निष्कर्षाने एका जुन्या वादालाही हात घातला. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि वुंट यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचे म्हणणे होते, की मेंदू स्नायूंना आज्ञा सोडतो त्याच क्षणी त्या आज्ञेच्या जोराची जाणीव माणसाला होते आणि त्या जाणिवेवरूनच वजन कळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी आणि पुढे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी याला विरोध केला. त्यांच्या मते जे कळते ते स्नायू, सांधे आणि त्वचा यांच्याकडून परत येणाऱ्या निरोपांमुळेच कळते. १९७७ साली गांडेव्हिया आणि मॅक्लॉस्की या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी स्नायू औषधाने अंशतः दुर्बळ करून दाखवले, की वजन तेच असले तरी ते जास्त जड वाटू लागते, कारण तेवढ्याच कामासाठी मेंदूला मोठी आज्ञा सोडावी लागते. यामुळे पारडे हेल्महोल्ट्झ यांच्या बाजूला झुकल्यासारखे झाले. आता केवळ आज्ञेवरून वजन कळत असते, तर वॉटरमन यांना डोळे मिटूनही ते कळायला हवे होते, कारण त्यांच्या आज्ञा सोडणाऱ्या यंत्रणेत काहीच बिघाड नव्हता. आणि केवळ परतीच्या निरोपावरून कळत असते, तर डोळे मिटल्यावर दुप्पट वजनातला फरकही कळायला नको होता.

माझ्या मते या प्रकरणाचे खरे म्हणणे असे आहे, की वजन ही एकट्या हाताची जाणीव नाही आणि एकट्या मेंदूचा अंदाजही नाही. किती जोर पाठवला आणि त्याच्या बदल्यात किती हालचाल पदरात पडली या दोन आकड्यांच्या ताळमेळातून वजन निघते. यातला दुसरा आकडा डोळ्यांनी वाचला तरी चालतो, फक्त तो ढोबळ मिळतो. डोळे मिटल्यावर जी थोडीशी क्षमता उरते ती मानेची शाबूत जाणीव, कानातली तोलाची यंत्रणा आणि वाचलेले बारीक तंतू यांच्या मदतीने उरत असावी. जड वस्तू हलवताना धक्का मानेपर्यंत पोहोचतो, आणि तेथे वॉटरमन यांचे शरीर बोलू शकत होते.

उचलण्याचे काम

वजन सांगता येणे ही एक गोष्ट आणि पेला न सांडता उचलता येणे ही दुसरी. स्वीडनमधील उमेओ येथे योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ पासून दाखवून दिले, की निरोगी माणूस वस्तू उचलताना बोटांची पकड आणि वर खेचणारा जोर एकाच वेळी, एका मापात वाढवत जातो, आणि वस्तू निसटू नये म्हणून पकडीत थोडीशीच शिल्लक ठेवतो. वस्तू किंचित घसरली तर बोटांच्या टोकांकडून आलेल्या निरोपावर एक दशांश सेकंदाच्या आत पकड वाढते, आणि हे आपल्या ध्यानातही येत नाही. वॉटरमन यांच्यापाशी ही सोय नव्हती. त्यांच्यासारखाच विकार जडलेल्या आणि जी. एल. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या क्यूबेकमधील बाईंच्या पकडीचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांची पकड गरजेपेक्षा पुष्कळ घट्ट होती, आणि वस्तू हलवताना बदलणाऱ्या भाराशी ती नीट जुळत नव्हती. निसटल्याचे कळण्याची सोय नसेल, तर आधीपासूनच आवळून धरणे हाच शहाणपणा ठरतो. मात्र त्यामुळे हात लवकर थकतो आणि नाजूक वस्तू धोक्यात येते.

उचलणे आणि ओळखणे यांचे हिशेब वेगळ्या वह्यांत लिहिले जातात हे निरोगी माणसांतही दिसते. सारख्याच वजनाचे दोन ठोकळे, एक लहान आणि एक मोठा, उचलायला दिले तर लहान ठोकळा जड वाटतो. १८९१ साली फ्रेंच वैद्य शार्पांतिए यांनी हा भास वर्णन केला. २००० साली फ्लॅनगन आणि बेल्ट्झनर यांनी असे ठोकळे लोकांना पुन्हा पुन्हा उचलायला लावले. प्रारंभी मोठ्या ठोकळ्याला जास्त जोर लावला जात असे, पण थोड्याच वेळात बोटांनी दोन्हींना सारखाच आणि बरोबर जोर लावायला सुरुवात केली. लहान ठोकळा जड असल्याचा भास मात्र तसाच राहिला. हात शिकला, पण मन शिकले नाही.

वॉटरमन यांच्याबाबतचा २००५ सालचा एक प्रयोग याच दुभंगाला वेगळ्या बाजूने भिडतो. वॉटरमन आणि जी. एल. या दोघांना दुसरा माणूस खोके उचलताना चित्रफितीत दाखवण्यात आला. खोके किती जड आहे हे त्या माणसाच्या हालचालींवरून दोघांनाही चांगले सांगता आले, आणि वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताचा वेग पाहून वजन वाचणाऱ्या माणसाकडून हे अपेक्षितच होते. दुसऱ्या भागात प्रश्न असा होता: उचलणाऱ्याला वजनाची खरी माहिती होती, की त्याची फसवणूक झाली होती? येथे दोघेही निरोगी माणसांपेक्षा मागे पडले. रिकामा सिलिंडर उचलणाऱ्याच्या अंगाला जो हिसका बसतो, तो वाचायला तसा हिसका स्वतःच्या अंगाने अनुभवत असावे लागते. अंदाज चुकल्यावर शरीर आपोआप जी दुरुस्ती करते ती दुरुस्ती या दोघांच्या शरीरात उरलीच नव्हती. हा प्रयोग मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मार्मिक वाटतो, कारण वजन आणि वजनाची अपेक्षा या दोन गोष्टी त्याने स्वच्छ वेगळ्या करून दाखवल्या.

मेंदूच्या इजेकडे परत

आता ही मोजपट्टी मेंदूच्या इजेला लावून पाहावी. तत्त्वज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांना १८९८ साली आगगाडीच्या प्रवासात झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. स्वतःच्या आजाराचे निरीक्षण करण्याची सवय सोडता न आल्यामुळे त्यांनी नोंदवून ठेवले, की पूर्ण लुळेपणाच्या काळात हात हलवण्याची इच्छा कितीही केली तरी श्रम झाल्याची जाणीवच होत नव्हती. पुढे थोडी हालचाल परत आली तेव्हा मात्र हातापायांना प्रचंड ओझे बांधल्यासारखे वाटू लागले. अर्धांगातून सावरणारा माणूस मराठीत ‘हात जड झालाय’ असेच म्हणतो. ऐकणारा त्याचा अर्थ हात अशक्त आहे असा लावतो, पण रुग्णाचे शब्द अक्षरशः खरे असतात: आज्ञा मोठी आणि पदरात पडणारी हालचाल लहान, हे वॉटरमन यांच्या युक्तीतले जडपणाचेच चिन्ह आहे. अशा रुग्णाच्या हातात वाटी दिली, तर वाटीचे वजन आणि हाताचा स्वतःचा जडपणा यांची फारकत त्याला करता येत नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत काम करणाऱ्या ब्रिटिश चेतातज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी लहान मेंदूत (डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असलेल्या, हालचालींचा मेळ घालणाऱ्या भागात) गोळी किंवा स्फोटाचे तुकडे घुसलेल्या सैनिकांची वर्णने १९१७ साली प्रसिद्ध केली. इजा एकाच बाजूला असेल तर त्याच बाजूचा हात बिघडतो आणि दुसरा शाबूत राहतो, त्यामुळे एकाच माणसाचे दोन हात परस्परांशी ताडून पाहण्याची दुर्मिळ संधी होम्स यांना मिळाली. सारखी वजने दोन हातांत दिल्यावर बिघडलेल्या हातातले वजन जास्त जड वाटते असे अशा सैनिकांनी सांगितले. या हातांत स्पर्श शाबूत होता, तरी आज्ञेची आखणी बिघडली होती. वॉटरमन यांच्या उलट चित्र येथे दिसते: परतीचा निरोप ठीक, पण ज्याच्याशी तो ताडून पाहायचा तो आकडाच फुगलेला.

पॅरायटल भागाच्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूला असलेल्या आणि स्पर्श, दृष्टी व हालचाल यांची सांगड घालणाऱ्या भागाच्या, इजेत तिसराच प्रकार आढळतो. डाव्या पॅरायटल भागाला इजा झालेल्या एका रुग्णाचे वर्णन २००७ साली प्रसिद्ध झाले. त्याला रोजच्या वापरातल्या वस्तूंचे ज्ञान होते, पण त्या उचलताना पहिल्या क्षणी बोटांनी लावलेला जोर त्या ज्ञानाशी जुळत नव्हता. ही वस्तू जड आहे हे ओठांवर आणि बोटांना मात्र त्याची खबर नाही, अशी ही अवस्था.

उपचारांच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट फार खर्चिक नाही. रुग्णाच्या हातून पेला पडला की तपासणी बहुधा पकडीच्या ताकदीपाशी थांबते, आणि ताकद मोजण्याचे यंत्र बरा आकडा दाखवू लागले की हात बरा झाला असे मानले जाते. वॉटरमन यांच्या हाताची ताकद पहिल्या दिवसापासून शाबूत होती हे येथे आठवावे. म्हणून रुग्णाला सारख्या आकाराच्या, आत वेगवेगळे वजन भरलेल्या डब्या द्याव्यात आणि कोणती जड ते विचारावे. हीच परीक्षा एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून, आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या हाताने घ्यावी. डोळे मिटल्यावर निर्णय कोसळला तर परतीचा निरोप अडला आहे असे समजावे. डोळे उघडे असूनही एका हाताला सर्वच काही जड वाटत असेल, तर आज्ञेच्या बाजूला पाहावे. वजन बरोबर सांगूनही डबी हातातून उडत असेल किंवा आवळली जात असेल, तर अंदाज आणि बोटे यांची गाठ सुटली आहे. यातल्या पहिल्या गटाला ‘हाताकडे बघून उचला’ एवढी सूचनाही पुष्कळ उपयोगी पडते. दुसऱ्या गटाला ती फारशी कामाची नाही, कारण त्यांचे बघणे चुकत नसते. तिसऱ्या गटातल्या माणसाकडून रोजच्याच मोजक्या वस्तू पुन्हा पुन्हा उचलून घ्याव्यात, कारण नुकत्याच उचललेल्या वस्तूचे वजन बोटे काही काळ लक्षात ठेवतात.

डोळ्यांवर विसंबून उचलण्याची किंमतही रुग्णाच्या घरच्यांना सांगितली पाहिजे. अशा माणसाच्या हातात भरलेला कप असताना त्याच्याशी बोलू नये, मागून हाक मारू नये आणि खोलीतला दिवा अचानक मालवू नये. वॉटरमन यांना चालण्यापेक्षा मोटार चालवणे विश्रांतीसारखे वाटे, कारण गाडीत बसल्यावर सांभाळायचे अवयव कमी होतात.